अश्विनच्या पोटाची चौकशी

अश्विनचं पोट ही जोवर अश्विनची खाजगी बाब होती, तोवर बालाघाटात सगळं सुरळीत चाललं होतं. पण लग्न ठरलं की माणसाचं काही म्हणून खाजगी राहत नाही. पगार विचारतात, पत्रिका विचारतात, झोपेत घोरता का तेही विचारतात आणि हळदीच्या दिवशी तर चारचौघांत सदरा काढून पाटावर बसवतात. बाकीची विचारपूस अश्विननं हसतमुखानं सोसली. घोडं अडलं ते या सदऱ्यापाशी.

कारण सदऱ्याच्या आत रेघा होत्या. पोटावर, कमरेच्या दोन्ही अंगांना आणि दंडाच्या आतल्या बाजूला, लांबच लांब, पांढरट आणि चकाकणाऱ्या. दोन वर्षांमागं हा इसम एकशे बारा किलोचा होता. तीन ठिकाणांहून 'पत्रिका जुळत नाही' असा निरोप आला, त्यातल्या एका ठिकाणी तर पत्रिका दिलेलीच नव्हती. तेव्हा हा पेटला. पहाटे वैनगंगेच्या काठानं चालू लागला आणि भात सोडला. धानाच्या जिल्ह्यात राहून भात सोडणं म्हणजे सासरी राहून सासूशी अबोला धरणं, दिवसातून दोनदा प्रसंग येतो. तरी पठ्ठ्यानं निभावलं. वजन गेलं, पण जाताना खोडकर भाडेकरूसारखं भिंतीवर रेघोट्या मारून गेलं.

अशा वाळलेल्या अश्विनला रामपायलीच्या नथ्थूजींच्या पौर्णिमेनं पाहिलं आणि पसंत केलं. ती लामत्याच्या शाळेत शिकवायची आणि तिथंच खोली घेऊन राहायची. पाहायच्या दिवशी रामपायलीत तिनं स्वतःच पोह्यांची बशी उचलली, दोन घास खाल्ले आणि विचारलं, "तुमी काहून नाही खाऊन राह्यले?" अश्विन म्हणाला, "मले जास्ती खायची सवयच नाही." हे इतकं धडधडीत खोटं होतं की स्वयंपाकघरात मदतीला गेलेल्या त्याच्या आईच्या, मैनाबाईच्या, हातून पळी पडली. पण त्या दोन घासांत अश्विन पुरता गारद झाला होता. आता काळजी एकच होती. हळदीचा व्हिडिओ निघणार, तो त्याच मिनिटाला रामपायलीला मोबाईलवर पोचणार, पौर्णिमा या रेघा पाहणार, आपण आधी काय चीज होतो ते ओळखणार आणि पोरगी हातची जाणार. लग्नाला महिना उरला होता.

तो गेला महेंद्रकडे. महेंद्र शाळेपासूनचा दोस्त, बसस्टँडजवळ त्याचं औषधांचं दुकान. गिऱ्हाईक सरेपर्यंत अश्विन खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या न्याहाळत उभा राहिला आणि मग काउंटरवरून वाकून कानात म्हणाला, "स्ट्रेच मार्कसाठी काही हाय काय बे?"

"वहिनीसाठी?"

"माह्यासाठी."

महेंद्र हसला नाही. तो खरा मित्र होता, त्यामुळे तो आधी शटर अर्धं खाली ओढून मग हसला. पोटभर हसून झाल्यावर त्यानं एक ट्यूब काढली. "रात्री लावायची. वाटाण्याएवढी, बस. जास्ती लावशील तं सालटं निघतीन. आन् खरं सांगू काय, डॉक्टरले दाखव. हे औषध नव्या लाल रेघांवर चालते. तुह्या पांढऱ्या झाल्या हायत."

आता या 'वाटाण्याएवढी'वर अश्विननं रात्री बराच विचार केला. वाटाणा कोणाच्या पोटाच्या मानानं? महेंद्र हा काडी. त्याच्या पोटाचा नियम आपल्या पोटाला लावणं हा आपल्या पोटाचा अपमान आहे, असं त्याचं मत पडलं आणि त्यानं चौथ्या दिवशी ट्यूब संपवली. पाचव्या दिवशी पोट भाजल्यासारखं लाल झालं आणि उकडलेल्या बटाट्यासारखी सालं निघू लागली. बनियन टेकला तरी तोंडातून 'आई गं' निघायचं. ते नेमकं मंजूवहिनीनं ऐकलं.

मंजूवहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. भाऊ मलाजखंडच्या खाणीत नोकरीला, पंधरा दिवसांतून एकदा घरी येणारा. घरात राज्य वहिनीचं. तिनं दिराला दटावून सदरा वर करायला लावला, पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अवो भाऊजी, हे तं बाळंतपणाचं होय!"

"वहिनी, हळू बोला."

"मी कोनाले सांगतो काय?" वहिनी म्हणाली. आणि खरंच, तिनं कोणालाही सांगितलं नाही. फक्त शेजारच्या सत्यभामाकाकूंना विचारलं, की बाई गं, पुरुषाच्या पोटावर बाळंतपणाच्या रेघा आल्या तर काय लावावं. नाव घेतलं नाही. आता वहिनीच्या घरात पुरुष दोन, त्यातला एक मलाजखंडला. सत्यभामाकाकूंना एवढं गणित येत होतं.

सत्यभामाकाकू त्याच संध्याकाळी बाटली घेऊन हजर. "मोहाच्या बियाचं तेल हाय. माह्या मायनं मले लावलं, मी माह्या पोरींले लावलं. सकाळ-सांज चोळायचं."

"गेल्या काय तुमच्या रेघा?" अश्विननं विचारलं.

"जातीन कशाले? पण आंग कसं नरम पडते!"

हे उत्तर तिथल्या तिथं समजून घेतलं असतं तर पुढचं सारं टळलं असतं. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. त्यानं तेल चोळलं. त्या तेलाला एक उग्र, जुनाट वास. ऑफिसात पंखा सुरू झाला की तो वास फाईलींवरून तरंगत थेट बडेबाबूंच्या टेबलापर्यंत जायचा. बालाघाटात मोहाचं नाव काढलं की पुढचा माणूस बाटलीच समजतो. बडेबाबू नाक वर करून म्हणाले, "अश्विन, सुबह सुबह? शादी होने वाली है तुम्हारी, शरम करो."

"नहीं सर, तेल है. पेट पे लगाया है."

"पेट पे? क्यों, क्या हुआ पेट को?"

झालं. आता मागं फिरणं नव्हतं. "पेट की तकलीफ है सर," तो म्हणाला. "गोंदिया जाना पडेगा डॉक्टर के पास. एक दिन की छुट्टी चाहिए."

सुट्टी मिळायला तीन दिवस लागले, कारण सुट्टीच्या आधी इलाज सुचवणं हा ऑफिसातला प्रत्येकाचा हक्क असतो. एकानं इसबगोल आणून दिलं. दुसऱ्यानं त्याच्या मेहुण्याचं अपेंडिक्स कसं फुटलं ते हातवारे करून सांगितलं. चपराशानं नाभी सरकली असल्याचं निदान केलं आणि बडेबाबूंच्याच खोलीत त्याला सतरंजीवर आडवा पाडून दिव्याची पणती पोटावर ठेवायची तयारी केली. सालं निघालेल्या पोटावर पणती! अश्विन उठून पळाला, तेव्हा बडेबाबूंना दुखणं गंभीर असल्याची खात्री पटली आणि त्यांनी सही केली.

गोंदिया का? तर बालाघाटात कोणी पाहू नये म्हणून. ही अश्विनची हुशारी. आता बालाघाटातल्या माणसाला दात दुखला तरी तो गोंदियाच्या गाडीत बसतो, हे त्या गाडीत बसल्यावर त्याला आठवलं. डब्यात निम्मे ओळखीचे. "कुठं चालले?" "पोट." "हौ, हौ, ऐकलं." असं करत तो दवाखान्यासमोर पोचला आणि बोर्ड पाहून त्याचे पाय जमिनीला चिकटले. वर बारीक अक्षरात 'डॉ. सरिता'. खाली मोठ्या, तांबड्या, रस्त्याच्या पलीकडूनही वाचता येतील अशा अक्षरात 'त्वचा व गुप्तरोग तज्ज्ञ'. त्यातलं 'त्वचा' उन्हानं उडालेलं. 'गुप्तरोग' मात्र कालच रंगवल्यासारखं.

त्यानं तोंडाला रुमाल बांधला आणि आत शिरला. आत सगळ्यांनीच रुमाल, गमछे, ओढण्या बांधलेल्या. जणू सगळे मिळून पुढं दरोडा घालायला निघणार होते. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. अश्विन एका कोपऱ्यात टेकला. शेजारी गमछावाला एक जाडजूड माणूस एकसारखा कंबर खाजवत होता. तेवढ्यात कंपाउंडरनं खणखणीत आवाजात पुकारा केला, "अश्विन, बालाघाटवाले! आत या!"

गमछा गर्रकन वळला. वर फक्त डोळे दिसत होते, पण ते डोळे अश्विननं साक्षगंधाच्या दिवशी दीड तास समोर पाहिले होते. धर्मेंद्रमामा. पौर्णिमेचा सख्खा मामा, वारासिवनीचा ठेकेदार.

"मामाजी, तुमी?"

"मी?" मामांचा कमरेवरचा हात जागीच थांबला. "मी असाच... इकडून चाललो होतो. म्हटलं बसू. पंखा चांगला हाय इथला. आन् तुमी?"

"मी बी पंख्यासाठीच."

दोघांनी काही वेळ पंख्याकडे पाहिलं. तो बंद होता.

डॉक्टरीणबाई तरुण आणि सरळ बोलणाऱ्या होत्या. त्यांनी पोट पाहिलं, तेलाचा वास घेतला, सालं पाहिली आणि विचारलं, "हे रेघांचं आहे, की रेघांवर केलेल्या उपायांचं?"

अश्विननं सगळी हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, "हे पाहा, हा आजार नाही. कातडी आतून ताणली जाऊन फाटते आणि मग सांधली जाते. त्या सांध्याच्या या खुणा. लाल असतात तेव्हा औषधाला थोड्या ऐकतात. पांढऱ्या झाल्या की हट्टी होतात. बारीक सुयांनी टोचण्याचा उपाय आहे, तो मी करते. लेझर आहे, तो नागपूरला. दोन्हीला महिन्या-महिन्याच्या अंतरानं चार-सहा बैठका लागतात. पुसट होतात. पण साफ जातात असं जो सांगेल, तो तुम्हाला फसवतो आहे."

"आन् तेल?"

"तेलानं कातडी मऊ राहते. वांग्याची भाजीपण चांगली होते. रेघा जात नाहीत."

"माह्यं लग्न हाय मॅडम. पुढच्या महिन्यात."

"मग लग्न करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पण अश्विन हटून बसला. निदान थोड्या तरी पुसट करा, उजव्या बाजूच्या करा, व्हिडिओवाला उजवीकडूनच घेतो म्हणे. त्यांनी पुष्कळ समजावलं. हा काही ऐकेना. मग आधी भाजलेली कातडी बरी होऊ दिली आणि आठवड्याभरानं बोलावून, सुन्न करायचं मलम लावून, एक बैठक केली. निघताना बजावलं, "लाल ठिपके दिसतील, बारीक खपल्या धरतील, चार-सहा दिवसांत जातील. मी दिलेल्या मलमाशिवाय यावर काही लावायचं नाही. काही म्हणजे काही."

असं डॉक्टरांनी सांगितल्यावर आपल्याकडे काय होतं ते वेगळं सांगायला नको. दुसऱ्या दिवशी न्हाणीतून निघताना मैनाबाईच्या नजरेला ते पोट पडलं. पोटभर लाल ठिपके, ओळीनं, एकही जागा न सोडता. मैनाबाईला सुया माहीत नव्हत्या. तिला अंगावर लाल ठिपक्यांचं एकच कारण माहीत होतं.

"माय आली रे माह्या लेकराले!" ती ओरडली.

अंगावर देवी आली की घरात काय काय करायचं हे तिला झोपेतही पाठ होतं. दाराला कडुनिंबाचा डहाळा लागला. अश्विनच्या अंथरुणावर निंबाचा पाला पसरला. घरात फोडणी बंद, कारण देवीला ठसका चालत नाही. सत्यभामाकाकूंनी भिंतीवरून ऐकलं आणि त्या हळद-निंबाचा लेप वाटून घेऊन आल्या. "आई, हे सुयाचं होय, डॉक्टरनं टोचलं!" असं अश्विन ओरडत होता. मैनाबाई म्हणत होती, "हौ बाप्पा हौ, ताप डोक्यात गेला वाटते." मंजूवहिनी बाजूला तोंडाला पदर लावून उभी होती. ती रडत होती की काय, असं वाटण्यासारखे तिचे खांदे हलत होते.

इकडे वारासिवनीत धर्मेंद्रमामांना झोप येईना. आपल्याला जवायानं 'त्या' दवाखान्यात पाहिलं. उद्या त्यानं पौर्णिमेला सांगितलं, तिनं आईला सांगितलं, म्हणजे आपल्या बहिणीला, तर? खरं तर मामांना कमरेला साधा नायटा झाला होता. पण नायट्यासाठी माणूस तोंड बांधून गोंदियाला जातो हे कोणाला पटेल? तेव्हा आपणच आधी बोललेलं बरं, असं ठरवून ते बहिणीकडे रामपायलीला गेले आणि आवाज उतरवून म्हणाले, "जवायाले गोंदियात पाह्यलं. गुप्तरोगाच्या डॉक्टरकडं. पोरीचा जन्माचा प्रश्न हाय, म्हणून सांगून राह्यलो."

रविवारी सकाळी रामपायलीची मंडळी दारात उभी राहिली. नथ्थूजी, त्यांची बायको सीताबाई आणि मागं अंग चोरून मामा. दाराला निंबाचा डहाळा पाहून तिघं थबकले. मैनाबाईनं त्यांच्या पायांवर पाणी घातलं, अंगावर निंबाचं पाणी शिंपडलं आणि मग आत घेतलं. एवढं सगळं करून घेतल्यावर चौकशीला आलेल्या माणसाचा अर्धा जोर ओसरतो.

नथ्थूजी सज्जन गृहस्थ. रामाच्या देवळात भजनाला बसणारे. असला शब्द त्यांच्या तोंडून आयुष्यात गेला नव्हता. त्यांनी यंदाच्या धानाचं विचारलं, उन्हाचं विचारलं, रस्त्याच्या कामाचं विचारलं. मग विचारण्यासारखं काही उरलं नाही.

"इहीणबाई," ते अखेर म्हणाले, "आमी काही म्हणून नाही राह्यलो. पण धर्मेंद्रनं जवाईबापूले गोंदियाले पाह्यलं."

"गोंदियाले तं सारेच जातेत जी," मैनाबाई म्हणाली.

"तसं नाही. डॉक्टरकडं."

"डॉक्टरकडं बी सारेच जातेत."

"त्या डॉक्टरकडं नाही जात."

"कोनत्या?"

नथ्थूजी आढ्याकडे पाहू लागले. सीताबाई जमिनीकडे पाहू लागली. शेवटी मामाच पुढं सरसावले. "बोर्डावर चांगलं मोठ्या अक्षरात लिवलं हाय ना! गुप्त..."

सीताबाईनं झटकन दोन्ही कानांवर पदर घेतला. एक कान जरा उघडा ठेवला.

आतल्या खोलीत पाल्यावर पडलेल्या अश्विननं हे ऐकलं आणि तो तसाच, केसांत निंबाची पानं घेऊन, बाहेर आला. रागानं त्याचा आवाज चिरकत होता. "मामाजी, तुमी बी तं होते तठी!"

"मी पंख्याखाली बसलो होतो!" मामा म्हणाले.

"गोंदियाले?" सीताबाईनं पदर काढला. "वारासिवनीत पंखे नाहीत काय रे धर्मेंद्र?"

मामांचा हात सवयीनं कमरेकडे गेला आणि त्यांनी तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला. पण आता मामांकडे पाहायला कोणाला फुरसत नव्हती, कारण मैनाबाई उठली होती. चाळीस वर्षांत कोणावर आवाज न चढवलेली ती बाई कडाडली. "माह्या लेकराले असं म्हणता? माह्या लेकराले? काढ रे अश्विन सदरा! दाखव यायले! देवी हाय ते, दुसरं काही नाही!"

"आई..."

"काढ म्हणतो ना!"

जे पोट झाकायला अश्विननं ट्यूब संपवली, तेलाचा वास सोसला, सुया टोचून घेतल्या, ते पोट दाखवायची वेळ सोयऱ्यांच्या समोर आली. दुसरा मार्ग नव्हता. त्यानं सदऱ्याचा घोळ वर उचलला आणि दातांत धरला. वर पांढऱ्या रेघा, त्यांवर लाल खपल्या, मधूनमधून सालं आणि या सगळ्यावर सत्यभामाकाकूंचा हिरवा-पिवळा लेप, वाळून तडकलेला. खऱ्या गुप्तरोग्यानंसुद्धा हे पोट पाहून देवाचे आभार मानले असते.

"राम राम राम," नथ्थूजी म्हणाले.

आणि नेमकी तेव्हाच दारात स्कूटी थांबली. बाबा आणि मामा कुठं गेलेत ते पौर्णिमेला रामपायलीच्या शेजारणीनं फोनवर कळवलं होतं. ती लामत्याहून तशीच निघून आली होती, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, चेहरा उन्हानं लाल. ती उंबऱ्यावर उभी राहिली. समोर अश्विन, तोंडात सदरा, पोट उघडं. सदरा सोडावा तर बोलता येईल, पण जबडाच उघडेना. संपलं, त्याला वाटलं. आता काही उरलं नाही. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

स्वयंपाकघराच्या दारातून मंजूवहिनी चहाचा ट्रे घेऊन आली. आतापर्यंत तिनं पुष्कळ हसू दाबलं होतं, पण दिराच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं आणि तिचं माथं फिरलं.

"काय लावलं सारं?" तिनं ट्रे आपटला. "हे देवीचं बी नाही आन् गुप्त बी नाही. ठिपके सुयाचे हायत आन् रेघा बाळंतपणाच्या."

"बाळंतपण?" नथ्थूजींचे डोळे विस्फारले. "यायचं?"

"अशाच राहतेत म्हणतो मी! कातडं ताणलं की येतेत. माह्या पोटावर बी हायत. जुळे झाले मले. खोटं वाटते काय? दाखवू?" आणि तिचा हात पदराकडे गेला.

नथ्थूजी आणि मामा एकाच वेळी उठले. एकाच दारातून एकाच वेळी बाहेर पडायचं म्हणून थोडी धक्काबुक्की झाली. मामांची एक चप्पल आत राहिली. ती घ्यायला कोणी मागं फिरलं नाही.

आत सीताबाई अश्विनच्या पोटाजवळ जाऊन वाकली होती. लेप बोटानं बाजूला करून तिनं नीट पाहिलं. "हौ वो माय," ती मैनाबाईला म्हणाली, "हे तं अशाच माह्या बी हायत. पौर्णिमेच्या वक्ती आल्या त्या गेल्याच नाही."

"माह्या बी हायत," मैनाबाई म्हणाली. देवी नाही हे कळल्यानं ती जरा हिरमुसली होती.

"माह्या बी!" भिंतीवरून सत्यभामाकाकू ओरडल्या. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

खिडकीबाहेरून नथ्थूजींचा आवाज आला. ते पाठमोरे उभे राहून बोलत होते. "ते सारं ठीक हाय. पण यायले काहून आल्या? यायले काय झालं होतं?"

अश्विननं दात सोडले. सदरा खाली पडला. तो पौर्णिमेकडे पाहून बोलला, खिडकीकडे नाही. "मी लय जाडा होतो. एकशे बारा किलो. मले जास्ती खायची सवय नाही म्हटलं होतं ना, ते खोटं होतं. तुमाले समजलं तं तुमी नाही म्हणसान, म्हणून हे सारं केलं."

पौर्णिमेनं ओढणी सोडली. "मले माहीत होतं."

"कसं?"

"फेसबुकवर हायत ना फोटो तुमचे. पचमढीले घोड्यावर बसले होते. लग्न जुळायच्या आधीच पाह्यले मी. घोड्याची लय दया आली."

"मंग?"

"मंग काय? ते पाहूनच बाबाले हौ म्हटलं. तो माणूस कसा हसून राह्यलता त्या फोटोत! तुमी आल्यापासून मी वाट पाहून राह्यली का हा कधी हसते." तिला राग आला होता, चांगलाच. "आन् तुमी मले एका शब्दानं न विचारता पोटाले सुया टोचून आले. दुखलं किती असंन!"

"मलम लावलं होतं, सुन्न करायचं," अश्विन म्हणाला. प्रेमाच्या प्रसंगी माणूस असलंच काहीतरी बोलतो.

त्यानंतर घरात फोडणी पुन्हा सुरू झाली. मामांना त्यांच्या बहिणीनं कानाला धरून त्याच डॉक्टरीणबाईंकडे परत पाठवलं, या वेळी तोंड न बांधता. आणि जवायावर भलता संशय घेतल्याची दोन्हीकडच्या नातेवाइकांना इतकी लाज वाटली, की गडंगनेरांची रांग लागली. लग्नाआधी नवरदेवाला घरोघरी जेवायला बोलावतात तसं, पण हे बोलावणं पश्चात्तापाचं होतं, म्हणजे तूप दुप्पट. अश्विनला नाही म्हणता येईना. त्याला नाही म्हणायचंही नव्हतं. दोन वर्षांनी पहिल्यांदा त्यानं भाताचा ढीग पुढं घेतला, मधोमध खळं केलं, त्यात वरण ओतलं आणि बोटं बुडवली तेव्हा त्याला गहिवरून आलं.

पौर्णिमेनं हळदीसाठी पिवळा कुर्ता पाठवला. 'लाज वाटत असंन तं हा घालून बसा. आजकाल सारेच घालतेत,' असा निरोप होता. एवढी साधी तोड एवढ्या साऱ्या माणसांत कोणाला सुचली नव्हती. कुर्ता माप जुनं घेऊन शिवला होता, गडंगनेरांच्या आधीचं. हळदीच्या दिवशी अश्विन तो श्वास रोखून घालून पाटावर बसला. व्हिडिओवाला म्हणाला, "भैया, दोनों हाथ ऊपर, स्माइल!" अश्विननं हात वर केले आणि बगलेपासून कमरेपर्यंत कुर्ता फर्रकन उसवला. मग तो हसायला लागला, पचमढीच्या घोड्यावर हसला होता तसा, आणि त्यानं उरलेला कुर्ता डोक्यावरून काढून भिरकावून दिला.

रेघा कोणी पाहिल्या नाहीत असं नाही. सगळ्यांनी पाहिल्या. सत्यभामाकाकू तर पाहुण्यांना बोट लावून दाखवत होत्या, "पाहा, माह्या तेलानं कितीक कमी झाल्या!" बायकांनी दोन्ही हातांनी हळद थापली. मंजूवहिनीनं पोटावर इतकी थापली की शेजारच्या घरून आणखी वाटून आणावी लागली. मग उष्टी हळद काढायची वेळ आली. नवरदेवाच्या अंगाची हळद काढून नवरीला लावायला पाठवतात, ती. मैनाबाईनं आंब्याच्या पानानं ती अश्विनच्या पोटावरून, त्या रेघांवरून, खरवडून काढली आणि महेंद्र ती गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, भरून मोटरसायकलवर रामपायलीला घेऊन गेला.

दुपारी पौर्णिमेचा फोन आला. मागं बायकांचा गलका चालला होता.

"हळद पोचली," ती म्हणाली. "पण वाटीभर पाठवतेत वो. तुमी तं गंज भरून पाठवली. अख्ख्या गल्लीनं लावली तरी उरली."

"काय करू," अश्विन म्हणाला, "जागाच तेवढी हाय."